घरचा नियम आणि पंचाची वही : काल्पनिक युद्धातील डावपेचांचा दोनशे वर्षांचा वाद

१. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ किंवा त्या जातीचा कोणताही खेळ रंगात आला की एखादा खेळाडू केव्हातरी म्हणतोच : “माझा योद्धा तलवार चालवणार नाही. तो त्या राक्षसाच्या पायाखालचा गालिचा ओढणार.” गालिचा ओढण्याचा नियम पुस्तकात नसतो. सर्वांच्या नजरा डंजन मास्टरकडे, म्हणजे खेळ चालवणाऱ्या पंचाकडे वळतात. पुढच्या अर्ध्या मिनिटात तो जे ठरवतो, त्यातूनच ‘हाउस रूल’ म्हणजे त्या घरचा नियम जन्माला येतो.

२. या घरच्या नियमाकडे दोन टोकांनी पाहिले जाते. काहींना तो पुस्तकाचा अवमान वाटतो, तर काहींना त्यातच खेळाचा प्राण दिसतो. इतिहास तपासला तर दोन्ही मते अर्धवट ठरतात. हा धागा त्या इतिहासाचा आहे आणि त्यातून निघणाऱ्या एका आग्रहाचाही : घरचा नियम जरूर करावा, पण फासा पडण्यापूर्वी तो बोलून दाखवावा आणि खेळ संपल्यावर लिहून ठेवावा.

३. प्रथम संज्ञा स्पष्ट करू. शत्रूचे ‘हिट पॉइंट’ म्हणजे प्राणबळ घटवणारा प्रहार हा सरळ वार. शत्रूला पाडणे, मागे रेटणे, जखडणे, त्याच्या हातातले शस्त्र उडवणे, डोळ्यांत माती फेकणे हे डावपेच. कुस्तीमुळे हा भेद मराठी वाचकाला सांगावा लागत नाही. सरळ वार मोजणे सोपे असते : आठ प्राणबळ गेले, बारा उरले. डाव मात्र परिस्थितीच पालटतो आणि पालटलेल्या परिस्थितीचे मोल आकड्यात बसवणे अवघड असते. नियमकर्त्यांची खरी कसोटी तेथेच लागते.

४. ही अडचण या खेळांपेक्षा कितीतरी जुनी आहे. १८२४ साली प्रशियाच्या सैन्यातील राइसविट्झ नावाच्या तरुण लेफ्टनंटने ‘क्रीगस्पील’ म्हणजे युद्धखेळाचे नियम प्रसिद्ध केले. त्याच्या वडिलांनी असा एक खेळ रचून १८१२ मध्ये राजाला सादर केला होता. मुलाने तो सैन्याच्या नकाशांवर आणला. प्रमाण १ : ८०००, प्रत्येक फेरी दोन मिनिटांच्या युद्धकाळाची, आणि दोन्ही पक्षांच्या मध्ये एक पंच.

५. खेळाडू आपल्या हुकमांच्या चिठ्ठ्या पंचाकडे देत. पंच फासे टाकी, तक्ते पाही आणि किती माणसे पडली ते सांगे. शत्रूच्या दृष्टिआड असलेल्या तुकड्या नकाशावर मांडल्याच जात नसत. या रचनेत एक सुप्त न्याय होता. तक्त्याला समोरच्याचा हुद्दा दिसत नाही. जनरलच्या तोफेला आणि लेफ्टनंटच्या तोफेला फासा सारखाच पडतो. पंचाला मनमानी करता येऊ नये, ही तक्त्यांची पहिली देणगी होय.

६. पण तक्ते वाढत गेले तसा खेळ मंदावला. एका चकमकीचा निकाल लावताना पंचाचा इतका वेळ जाई की शिकण्याचा मूळ हेतू मागे पडे. १८७०-७१ च्या फ्रान्सविरुद्धच्या युद्धात मोल्टकेच्या मुख्यालयात काम केलेल्या फेर्डी द्यु फेर्न्वा या अधिकाऱ्याने १८७६ मध्ये वेगळा मार्ग सुचवला. तक्ते आणि फासे बाजूला ठेवावेत, आणि अनुभवी पंचाने स्वतःच्या विवेकाने निकाल द्यावा, असे त्याचे म्हणणे होते. हीच पुढे ‘मुक्त क्रीगस्पील’ पद्धत म्हणून ओळखली गेली.

७. आजच्या टेबलांवर जो वाद दर आठवड्याला होतो, तो १८७६ मध्येच पुरता मांडला गेला होता. एका बाजूला तक्त्याची निःपक्षता, दुसऱ्या बाजूला पंचाची समज. मात्र एक फरक विसरता कामा नये. फेर्डीचा पंच प्रत्यक्ष रणांगण पाहिलेला होता. आजच्या डंजन मास्टरने बहुधा तलवारही उचललेली नसते, मग ड्रॅगनची गोष्टच दूर. त्याचा विवेक अनुभवातून येत नाही. तो आधीच्या निर्णयांच्या सुसंगतीतूनच घडवावा लागतो.

८. ही परंपरा अमेरिकेत पोहोचली ती चार्ल्स टॉटन या लष्करी अधिकाऱ्याच्या १८८० च्या ‘स्ट्रॅटेगॉस’ या ग्रंथातून. जवळजवळ नव्वद वर्षांनी मिनेसोटातील डेव्हिड वेस्ली या तरुणाच्या हाती तो ग्रंथ लागला. खेळाडूने काहीही करू पाहावे आणि निकाल पंचाने द्यावा, ही कल्पना त्याने उचलली. १९६९ मध्ये त्याने ‘ब्राउनस्टाइन’ नावाच्या काल्पनिक जर्मन गावावर एक खेळ रचला. त्यात सैन्याच्या सेनापतींखेरीज गावातील माणसांच्या भूमिकाही खेळाडूंकडे होत्या.

९. वेस्लीच्या आठवणींनुसार त्या खेळात दोन खेळाडूंनी परस्परांना द्वंद्वयुद्धाचे आव्हान दिले. द्वंद्वाचा नियमच त्याने केलेला नव्हता. त्याने तेथल्या तेथे फासे टाकायला लावून निकाल दिला. आपला खेळ फसला असे त्याला वाटले. खेळाडूंना मात्र तो पुन्हा हवा होता. भूमिका-खेळांच्या उगमाशीच असा एक ऐन वेळचा, पुस्तकाबाहेरचा, लढाईविषयीचा निर्णय उभा आहे.

१०. त्या मंडळीतील डेव्ह आर्नेसन याने १९७१ च्या सुमारास ‘ब्लॅकमूर’ ही काल्पनिक मोहीम सुरू केली. त्याच वर्षी गॅरी गायगॅक्स आणि जेफ पेरेन यांचे ‘चेनमेल’ हे मध्ययुगीन लढायांचे नियमपुस्तक निघाले. आर्नेसनने त्यातले घेण्यासारखे घेतले, उरलेले बदलले. पुढे गायगॅक्स आणि आर्नेसन यांच्या नावाने १९७४ मध्ये ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ प्रसिद्ध झाले : तीन पुस्तिका, एक पेटी, पहिल्या छपाईच्या १००० प्रती. म्हणजे ज्याला आज मूळ नियम म्हणून मान दिला जातो, तो स्वतःच कुणाच्या तरी घरच्या नियमांचा छापील संग्रह होता.

११. त्या तीन पुस्तिकांत शत्रूला पाडावे कसे, जखडावे कसे, याविषयी फारच थोडे होते. वाचकांनी आपापल्या कल्पनेने भर घालावी, असे आवाहन मात्र शेवटी होते. वाचकांनी ते मनावर घेतले. कॅलिफोर्नियातील स्टीव्ह पेरिन हा १९६६ साली स्थापन झालेल्या ‘सोसायटी फॉर क्रिएटिव्ह अॅनाक्रॉनिझम’चा आरंभापासूनचा सदस्य होता. या संस्थेत लोक चिलखते घालून मध्ययुगीन पद्धतीने प्रत्यक्ष लढत. ढाल कशी अडवते आणि लांब शस्त्र आधी का पोहोचते, हे त्याला अंगाने ठाऊक होते.

१२. १९७६ मध्ये ‘डनड्राकॉन’ या खेळसंमेलनात त्याने लढाईचे आपले घरचे नियम वाटले. ‘पेरिन कन्व्हेन्शन्स’ या नावाने ते ओळखले जातात. दोन वर्षांनी, १९७८ मध्ये, त्याच्याच पुढाकाराने ‘रूनक्वेस्ट’ हा स्वतंत्र खेळ केऑसियमने प्रसिद्ध केला. त्यात वार चुकवण्याला वेगळा फासा होता आणि घाव कोणत्या अवयवावर बसला तेही ठरत असे. घरचा नियम नीट लिहिला गेला, चार टेबलांवर तपासला गेला, की त्याचे काय होऊ शकते याचे हे ठळक उदाहरण होय.

१३. दुसऱ्या टोकाचेही उदाहरण त्याच काळात सापडते. १९७९ मध्ये ‘अॅडव्हान्स्ड डन्जन्स अँड ड्रॅगन्स’चा डंजन मास्टरसाठीचा ग्रंथ आला. गायगॅक्सला आता सर्वत्र एकसारखा खेळ हवा होता. निःशस्त्र झुंजीसाठी त्याने ठोसे, झोंबी आणि अंगावर कोसळून दाबणे असे तीन प्रकार केले आणि प्रत्येकाला शंभराच्या प्रमाणात मोजायचे तक्ते व बेरजा-वजाबाक्यांच्या याद्या दिल्या. ते इतके किचकट झाले की आजही विनोदाचा विषय आहेत. १९८५ च्या ‘अनअर्थ्ड आर्केना’त प्रकाशकांनाच पर्यायी पद्धत द्यावी लागली. राइसविट्झच्या तक्त्यांचे जे झाले, तेच येथे दीडशे वर्षांनी झाले.

१४. सन २००० मधील तिसऱ्या आवृत्तीने सर्व डावांना एका सूत्रात ओवण्याचा प्रयत्न केला. पाडणे, रेटणे, शस्त्र हिसकणे, शस्त्र मोडणे, जखडणे अशा प्रत्येकाला छापील पद्धत मिळाली. पण त्याबरोबर ‘फीट’ नावाची खास कौशल्येही आली. ते कौशल्य नसलेल्याने रिकाम्या हाताने शत्रूला पाडू पाहिले, तर आधी शत्रूला फुकटचा वार मिळे. मग स्पर्शापुरता फासा, मग ताकदीचा सामना. आणि त्यात हरल्यास उलट स्वतःच आडवे होण्याची पाळी.

१५. येथे नियमांचा एक विलक्षण परिणाम दिसतो. डाव लिहिला गेल्याने तो सर्वांना मोकळा व्हायला हवा होता. घडले उलटे. ज्याच्याजवळ कौशल्य नाही त्याने डाव टाकूच नये, असा अलिखित संकेत टेबलांवर रुजला. नियम हा परवाना बनला. १९७४ चा योद्धा पंचाला विचारून काहीही करू पाहत असे. २००० चा योद्धा आधी स्वतःच्या कागदावर नजर टाकी आणि बहुधा पुन्हा तलवारच उगारी.

१६. २००८ च्या चौथ्या आवृत्तीत डंजन मास्टरच्या ग्रंथाचे बेचाळिसावे पान गाजले ते याच कारणाने. नियमांत नसलेल्या कृतींसाठी तेथे एकच तक्ता होता : पातळीनुसार किती अवघड धरावे आणि किती इजा द्यावी. झुंबराला लटकून ऑगरला लाथेने शेगडीत ढकलणे, हे त्यातले उदाहरण. पुढच्या वर्षी आलेल्या ‘पाथफाइंडर’ने झोंबी, पाडणे, रेटणे या सर्वांसाठी दोनच आकडे ठेवले : डाव टाकणाऱ्याचे बळ आणि तो झेलणाऱ्याचा बचाव. सुलभता आली, कौशल्याविना डाव टाकल्यास फुकट वार खाण्याची अट मात्र राहिली.

१७. २०१२ मध्ये ‘डन्जन क्रॉल क्लासिक्स’ने योद्ध्याला वाराबरोबर टाकायचा एक जादा फासा दिला. खेळाडूने डाव आधी बोलून दाखवायचा. वार लागला आणि त्या फाशावर तीन किंवा अधिक पडले, तर डावही साधला. डावांची यादी उदाहरणापुरती, बाकी कल्पना खेळाडूची. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत जखडणे आणि ढकलणे प्रत्येकाला मोकळे झाले, साध्या ताकदीच्या सामन्याने. २०२४ मध्ये तोही सामना काढून त्या जागी शत्रूने बचावाचा एकच फासा टाकायचा, असे ठरले. पन्नास वर्षांचा प्रवास पाहता छापील नियमही हळूहळू तेथेच आले, जेथे शहाणी टेबले आधीच पोहोचली होती : एक डाव, एक फासा.

१८. आता घरच्या नियमांच्या चुकांकडे वळू. सर्वांत मोठी चूक दिसायला निरुपद्रवी असते. पंच म्हणतो, “ठीक आहे, आधी वार लागू दे, मग चपळाईचा फासा टाक, मग शत्रू तोल सावरतो का ते पाहू.” प्रत्येक टप्प्यावर यशाची शक्यता ६० टक्के धरली, तरी तिन्ही साधण्याची शक्यता २१.६ टक्केच उरते. सरळ वार मात्र ६० टक्क्यांनी लागतो. खेळाडू हे गणित मांडत नाही. त्याला ते दोन-तीन अपयशांतून कळते. पुढे तो गालिच्याकडे पाहतही नाही.

१९. उलट दिशेची चूक तितकीच घातक असते. ‘चार वजा करून डोळ्यात बाण मार, लागला तर शत्रू आंधळा’ असा नियम एखाद्या टेबलावर केला जातो. वीस बाजूंच्या फाशावर चार वजा म्हणजे ६० टक्क्यांचे ४० टक्के. चार घावांत पडणारा शत्रू सरळ वारांनी सरासरी सहा-सात प्रयत्नांत पडतो. डोळ्याचा वेध सरासरी अडीच प्रयत्नांत साधतो. त्या टेबलावर दुसरे काही कुणी करीलच कशाला? आणि मग तोच नियम गॉब्लिनांनीही वापरायचा ठरवला, तर संध्याकाळ संपेपर्यंत सर्व नायक आंधळे झालेले असतात.

२०. म्हणून पहिली कसोटी समतेची : जो डाव नायकांना मोकळा, तो राक्षसांनाही मोकळा असावा. दुसरी कसोटी किमतीची. पाचव्या आवृत्तीतील ‘बॅटल मास्टर’ हा योद्धा शस्त्र उडवण्यासाठी किंवा शत्रूला पाडण्यासाठी आपले मोजके खास फासे खर्च करतो, त्यासोबत त्याला वाराची इजाही मिळते. तेच सर्वांना फुकट दिले, तर तो मार्ग निवडलेल्या खेळाडूवर अन्याय होतो. इतरांनी डाव साधला तर इजा सोडावी, एवढी किंमत पुरेशी असते. डाव सर्वांचा राहतो आणि निष्णाताचे श्रेष्ठत्वही.

२१. या कसोट्यांवर उतरणारा एक साधा घरचा नियम जुन्या धाटणीच्या खेळांच्या वर्तुळात बराच काळ फिरतो आहे. खेळाडूने डाव सांगावा, नेहमीचा वार टाकावा. वार लागला तर इजेचा फासा टाकावा, आणि इजा सोसायची की डावाला शरण जायचे, हे शत्रूच्या बाजूने ठरवावे. चाळीस प्राणबळाचा ऑगर आठची इजा हसत सोसतो, पण पाय सोडत नाही. तोच ऑगर सहा प्राणबळावर आला की कड्यावरून मागे हटणे पत्करतो. ताज्या दमाच्या शत्रूवर डाव चालत नाही, थकलेल्यावर चालतो. नवा तक्ता लागत नाही, जादा फासा लागत नाही, आणि कोणताही डाव सरळ वारापेक्षा आपोआप भारी होत नाही.

२२. तरीही या वादातील सर्वांत महत्त्वाचा मुद्दा गणिताचा नाही. तो टेबलावरील सत्तेचा आहे. ‘नियमांपेक्षा निर्णय’ हे जुन्या धाटणीच्या खेळाचे ब्रीद २००८ नंतर पुष्कळ गाजले. त्यात तथ्य आहे. पण ज्या टेबलावर सारे काही पंचाच्या तत्काळ निर्णयावर चालते, तेथे बोलका खेळाडू जिंकतो. तो झुंबराचे वर्णन रंगवून करतो, पंच खूश होतो, फासा सोपा होतो. कोपऱ्यात बसलेली अबोल मुलगी तोच डाव चार शब्दांत सांगते आणि तिला अवघड आकडा मिळतो. पंचाच्या मनात खोट नसते. त्याला आपण दोन मापे वापरली हे कळतही नाही.

२३. पुस्तकालाच चिकटलेल्या टेबलावर हाच अन्याय दुसऱ्या रूपात येतो. तेथे तीनशे पाने वाचलेला जिंकतो. कालच आलेल्या नवशिक्याची नैसर्गिक कल्पना “यासाठी कौशल्य लागते” या एका वाक्यात मिटते. तक्त्याने हुद्द्याची मिरासदारी मोडली खरी, पण तक्ते पाठ असणाऱ्यांची नवी मिरासदारी उभी केली. राइसविट्झ आणि फेर्डी दोघेही बरोबर होते, आणि एकेकट्याने दोघेही अपुरे.

२४. या दोहोंमधला मार्ग म्हणजे वही. पंचाने निर्णय द्यावा, फासा पडण्यापूर्वी त्याचे परिणाम सांगावेत, आणि खेळ संपल्यावर तो एका ओळीत लिहावा : ‘गालिचा, दोर, साखळी ओढून पाडणे : शत्रूचा बचावाचा एक फासा, इजा नाही.’ पुढच्या वेळी अबोल खेळाडूने तोच डाव सांगितला की तिला वक्तृत्व लागत नाही, नवशिक्याला पाठांतर लागत नाही. न्यायालयांत पूर्वीच्या निवाड्यांचा आधार घेतात तसाच हा प्रकार. गल्ली क्रिकेटमध्ये ‘एक टप्पा आउट’ आहे की नाही हे पहिला चेंडू पडण्यापूर्वी ठरते. झेल घेतल्यानंतर तो नियम कुणी काढला तर भांडण होते. पोरांना जे कळते ते पंचाला कळायला हरकत नाही.

२५. यावर एक रास्त आक्षेप येतो. वही जाड होत जाईल, आणि एक दिवस तिचेच १९७९ चे तक्ते होतील. तो धोका खरा आहे. त्यावर उपाय म्हणजे वहीला मर्यादा घालणे. घरचे सर्व डावनियम एका पानावर मावावेत. नवी ओळ लिहिताना जागा नसेल, तर जुन्या दोन ओळी एकत्र कराव्यात किंवा न वापरलेली खोडावी. ज्या नियमासाठी दुसरा परिच्छेद लागतो, तो टेबलावर लक्षात राहणारच नाही. बदल करायचा असल्यास तो दोन बैठकांच्या मधल्या काळात, सर्वांच्या संमतीने व्हावा; लढाई ऐन भरात असताना नव्हे.

२६. दुसरा आक्षेप प्रकाशकांच्या बाजूने घेतला जातो : नियम जाणकारांनी तपासून केलेले असतात, ते घरी का मोडावेत? उत्तर इतिहासातच आहे. जखडण्याचा नियम १९७९, १९८५, २०००, २०१४ आणि २०२४ या प्रत्येक टप्प्यावर प्रकाशकांनी स्वतःच बदलला. छापील नियम हाही त्या त्या काळचा मसुदा असतो. त्याचा आदर करावा, म्हणजे तो आधी नीट वाचावा, काय साधण्यासाठी केला होता ते समजून घ्यावे, आणि मगच हात लावावा. न वाचता मोडलेला नियम आणि वाचून बदललेला नियम यांत मोठे अंतर आहे.

२७. दोनशे वर्षांच्या या वादातून नव्या पंचाने न्यावयाचे ते एवढेच. खेळाडूने पुस्तकाबाहेरचे काही सुचवले, तर ‘होय’ म्हणण्याची सवय ठेवावी. त्याच श्वासात किंमत सांगावी. एकच फासा टाकू द्यावा. राक्षसालाही तोच हक्क द्यावा. रात्री सगळे पांगण्याआधी ती एक ओळ लिहावी आणि वही पंचाच्या खिशात न राहता टेबलाच्या मधोमध, कुणालाही उघडून पाहता येईल अशी ठेवावी.